हात पुन्हा तेच काढतो, तेव्हा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. जळगावच्या सराफ बाजारातील एका पेढीसाठी मी गेली बारा वर्षे दागिन्यांची रेखाटने करते. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मालकांनी मंगळसूत्राच्या पेंडंटची नवी मालिका मागितली आणि मी चाळीस रेखाटने करून नेली. मालकांच्या सूनबाई नुकत्याच धंद्यात लक्ष घालू लागल्या आहेत. त्यांनी माझी तीन वर्षांपूर्वीची फाइल काढली, जुने आणि नवे कागद शेजारी शेजारी मांडले आणि शांतपणे विचारले, “ताई, यात नवीन कोणते?” मला उत्तर देता आले नाही. मध्ये एक थेंब, दोन्ही बाजूंनी वर चढणारी दोन पाने आणि खाली तीन मोती, हे जवळपास प्रत्येक कागदावर होते. कोणी रागावले नाही, मुदतही वाढवून मिळाली, पण मला झोप लागत नाही. त्या दिवसापासून मी रोज रात्री दोन तास पिंटरेस्ट हे चित्रांचे संकेतस्थळ पाहते, कामाला जाण्याचा रस्ता बदलला आहे, उशाशी वही ठेवली आहे. अजिंठ्यालाही जाऊन आले, तर तिथूनही कमळे आणि वेलीच काढून आणल्या. वेगळा विचार कर, असे सगळे सांगतात. मी तो करत नाही का? माझी कल्पकता संपली आहे का? मुंबईला जाऊन संगणकावरील डिझाइनचा नवा अभ्यासक्रम करावा का?

एक रेखाटनकार, जळगाव

सल्ला

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत दुखऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमची कल्पकता संपलेली नाही. ज्या डोळ्यांनी स्वतःच्याच चाळीस कागदांतील थेंब, दोन पाने आणि तीन मोती इतके नेमके टिपले, ते डोळे अजून उत्तम काम करत आहेत. अडचण तुमच्या शोधण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती निर्माण होण्याचे कारण तुमचा आळस नसून तुमचे बारा वर्षांचे कौशल्यच आहे. हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. या विषयाचा बराच जुना आणि अनेकदा तपासला गेलेला अभ्यास उपलब्ध आहे, आणि तो थोडा समजून घेतला नाही तर पुढे मी जे करायला सांगणार आहे ते तुम्हाला उलटे वाटेल.

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये पाणी मोजण्याच्या कोड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन भांडी आहेत, २१, १२७ आणि ३ मापांची, आणि नेमके १०० माप पाणी हवे आहे. मोठे भांडे भरायचे, त्यातून पहिले भांडे एकदा आणि तिसरे दोनदा भरून काढायचे, की १०० उरतात. अशाच रीतीने सुटणारी काही कोडी लोकांना एकामागून एक दिली गेली आणि मग २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देऊन २० माप पाणी मागितले गेले. येथे २३ मधून ३ काढले की काम झाले, तरी बहुतेक जण ४९ मधून आधी २३ आणि मग दोनदा ३ वजा करत बसले. त्यापुढचे कोडे २८, ७६ आणि ३ यांचे होते आणि पाणी २५ माप हवे होते. येथे जुनी रीत लागूच पडत नाही, २८ मधून ३ काढणे हाच मार्ग आहे, आणि अनेकांनी हे कोडे सुटत नाही म्हणून सोडून दिले. ज्यांना आधीची कोडी दाखवलीच नव्हती, त्यांना मात्र हे उत्तर सहज सापडले. घरात मुले असतील तर त्यांच्याबरोबर हा खेळ करून पाहा, कारण वाचून जे पटते त्यापेक्षा स्वतःचा हात ४९ च्या भांड्याकडे जाताना पाहून ते अधिक पटते. अडकलेल्या त्या माणसांची बुद्धी कमी नव्हती. आधी मिळालेले यश त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले होते, इतकेच.

त्याहूनही तुमच्या प्रसंगाशी जवळचा अभ्यास २००८ चा आहे. मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धिबळाच्या निष्णात खेळाडूंसमोर असा डाव मांडला, की त्यात एक ओळखीची, पुस्तकात असते तशी मात शक्य होती आणि तिच्याहून कमी चालींत होणारी, पण अनोळखी, अशी दुसरी मातही शक्य होती. खेळाडूंना ओळखीची मात लगेच दिसली. याहून चांगले काही शोधा, असे सांगितल्यावर त्यांनी शोध सुरू ठेवला आणि आपण शोधत आहोत असे प्रामाणिकपणे सांगितलेही. पण त्यांची नजर कुठे जाते हे उपकरणाने नोंदवले जात होते, आणि ती नजर पुन्हा पुन्हा पहिल्या मातेशी संबंधित असलेल्या घरांवरच जात होती. आता यातला सर्वांत मोलाचा भाग पाहा. डावात थोडासा बदल करून ओळखीची मात अशक्य केली, तेव्हा तितक्याच ताकदीच्या खेळाडूंना ती कमी चालींची मात सापडली. कोणी त्यांना नवे काही शिकवले नव्हते. फक्त जुन्या उत्तराची सोय काढून घेतली होती.

म्हणून, ताई, “मी वेगळा विचार करत नाही का” या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की तुम्ही तो करत होतात आणि मनापासून करत होतात, पण विचार करणाऱ्याची नजर जुन्या जागेवर खिळलेली असताना त्याला स्वतःला ते कळत नाही. कपाशीला पाणी भरणारा माणूस पाण्याला दुसऱ्या सरीत जा असे सांगत नाही. वाहत्या सरीच्या तोंडाशी तो दोन फावडी माती टाकतो, आणि पाणी आपोआप शेजारच्या सरीत वळते. मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे, की मोकळा, स्वच्छंद विचार करण्याची धडपड थोडे दिवस बाजूला ठेवा आणि नेहमीची सरी बंद करण्याचे काम हाती घ्या.

“चौकटीबाहेर जा” हा उपदेश किती कमी उपयोगी पडतो हेसुद्धा तपासले गेले आहे. नऊ ठिपके, तीन ओळींत तीन, कागदावरून पेन्सिल न उचलता चार सरळ रेषांनी जोडायचे, हे कोडे तुम्ही शाळेत पाहिले असेल. ठिपक्यांनी बनलेल्या काल्पनिक चौकोनाच्या बाहेर रेषा नेल्याशिवाय ते सुटत नाही. रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा यांनी १९८१ मध्ये लोकांना ‘चौकोनाबाहेर जा’ असे उघड सांगूनच ते सोडवायला दिले, तरी बहुतेकांना ते सुटले नाही. बाहेर जायचे आहे हे कळले, तरी बाहेर नेमके कुठे जायचे हे त्यातून कळत नाही. तुम्हाला वेगळा विचार करायला सांगणाऱ्या आप्तांचा हेतू चांगला आहे. पण त्या वाक्याने तुमच्या मनावरचे ओझे वाढले आणि कागदावर काहीच बदलले नाही, असे तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसते.

आता तुम्ही जे उपाय करत आहात त्यांतला एक आजपासून थांबवा, असा माझा आग्रह आहे. रात्रीचे दोन तास पिंटरेस्ट बंद करा. डेव्हिड जान्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिक अभियंत्यांना रचनेची कामे दिली, आणि काहींना सोबत एक नमुनाही दाखवला. एक काम असे होते, की कॉफी सांडणार नाही असा स्वस्त पेला तयार करा, मात्र त्यात नळी आणि ओठांना लावायचे तोंड वापरू नका. दाखवलेल्या नमुन्यात नेमक्या याच मना केलेल्या गोष्टी होत्या, आणि नमुना पाहिलेल्यांच्या रचनांत त्या पुन्हा पुन्हा उतरल्या. स्पष्ट मनाई असूनही नमुन्यातला दोष हाताने उचलला. तुम्ही रात्री शेकडो पेंडंट पाहता, आणि ती दाखवणारी यंत्रणा तुम्ही आधी ज्यावर थांबलात त्याच्यासारखीच आणखी दाखवते, म्हणजे थेंब आणि पाने पाहणाऱ्याच्या पुढ्यात आणखी थेंब आणि पाने येतात. संदर्भ पाहणे वाईट आहे असे मी म्हणत नाही, क्रम बदला असे म्हणते. आधी स्वतःचे कागद भरून काढा आणि मगच इतरांचे पाहा, तेही आपले कोणाशी जुळते आहे का हे तपासण्यासाठी.

अजिंठ्याचेही तसेच झाले. जिथे वस्त्रांच्या घड्या, बोटांच्या मुद्रा, खांबांमधील अंधाऱ्या पोकळ्या आणि छतावरील भूमितीचे चौकोन आहेत, तिथून तुमच्या वहीत कमळे आणि वेलीच आल्या, कारण बुद्धिबळपटूंच्या नजरेप्रमाणे तुमची नजर तिथेही ओळखीच्या घरांवर गेली. जागा बदलली म्हणून पाहणे बदलत नाही. पुन्हा गेलात तर दारातच स्वतःला बजावा, की फूल, पान आणि वेल यांपैकी एकही रेघ काढायची नाही. दिवस संपताना वहीत जे असेल ते ओबडधोबड असेल, पण ते तुमच्या जुन्या फाइलमध्ये सापडणार नाही.

प्रत्यक्ष कामाला एका संध्याकाळी सुरुवात करा. गेल्या तीन-चार वर्षांची रेखाटने जमिनीवर पसरा आणि त्यांत काय काय पुन्हा येते ते कागदावर उतरवा. थेंब आणि पाने हे सर्वांत वरचे थर आहेत, ते तुम्हाला दिसलेच आहेत. त्याखाली पाहा. मोती नेहमी तीनच का आहेत? डावी बाजू उजवीसारखीच का आहे? प्रत्येक गोष्ट खाली लोंबणारी का आहे? साखळी दोन कड्यांनी, समान अंतरावरच का जोडली आहे? पृष्ठभाग सगळीकडे चकचकीतच का आहे? त्याच्याही खाली अशा गोष्टी असतात, की त्या आपण निवडल्या आहेत हेच आपण विसरून गेलेलो असतो. पेंडंटला पुढची बाजू असते आणि मागची कोरी असते, साखळीचा फासा मानेमागे लपवायचा असतो, मधला भाग सर्वांत मोठा असतो. माझ्या मते खरा ऐवज याच तिसऱ्या थरात आहे, आणि तिथे पोहोचायला एकटीला जड जाईल. म्हणून तुमची रेखाटने सोन्यात उतरवणाऱ्या कारागिराला या पसाऱ्यासमोर बसवा आणि विचारा, की माझे कागद हातात आल्यावर न पाहताच तुम्हाला काय ठाऊक असते. तो जे सांगेल ते लिहून घ्या. त्याच्या हातांनी तुमच्या सवयी तुमच्याहून जास्त वेळा घडवल्या आहेत.

या यादीतील एकच गोष्ट एका आठवड्यासाठी बंद करा. सगळ्या एकदम बंद करू नका, नाही तर हाती येईल ते ना कोणाला गळ्यात घालता येईल ना घडवता येईल, आणि तुम्ही निराश होऊन जुन्या वाटेवर परताल. समजा, पहिल्या आठवड्यात डावे-उजवे सारखे ठेवायला बंदी आहे. सुरुवातीचे दोन दिवस फार कठीण जातील. हात बंदीतून पळवाट काढेल, दोन पानांऐवजी एक मोठे आणि एक लहान पान काढेल आणि आपण नियम पाळला असे तुम्हाला भासवेल. पानाला बंदी घातली, तर तिथे कोयरी येऊन बसेल. हे अपेक्षितच आहे, त्यावर चिडू नका आणि कागद फाडूही नका, फक्त कडेला लिहा की ही पळवाट होती, आणि दुसऱ्या दिवशी तीही बंद करा. मग हळूहळू प्रश्नच बदलतो. दोन बाजू सारख्या नसतील तर पेंडंट गळ्यात सरळ कसे राहील, असे हात विचारू लागतो, आणि हा नक्षीचा प्रश्न नसून वजनाचा आहे. एका बाजूला लहान पण भरीव गोळा, दुसऱ्या बाजूला मोठी पण पोकळ जाळी, आणि दोन्हींचा तोल जिथे साधतो नेमकी तिथे कडी, अशी रचना कागदावर येऊ लागते. कुठल्या जाडीचा पत्रा किती वजन देतो, जाळी किती बारीक केली तर वाकेल, घडणावळ कुठे वाढेल, हे तुम्हाला बारा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे, आणि ते ज्ञान आतापर्यंत एकाच आकाराच्या सेवेत अडकून पडले होते. नवख्या मुलीला बंदी घातली तर ती गोंधळेल. तुम्हाला घातली तर तुमचे कसब दुसरे काम मागेल. या टप्प्यापर्यंत पोहोचायला सगळा आठवडा लागला तरी चालेल, पण त्याआधी बंदी उठवू नका.

पुढच्या एखाद्या आठवड्यात खाली लोंबण्याला बंदी घाला आणि त्या दिवसांत रावेर किंवा यावलकडच्या एखाद्या केळीच्या बागेत जा. घड खाली लोंबतो, पण त्याच्या फण्यांतील प्रत्येक केळे वर उजेडाकडे वळलेले असते. एकाच वस्तूत खाली ओढणारा दांडा आणि वर वळणारी बोटे आहेत, आणि ती तुम्ही जन्मापासून पाहत आला आहात. कापूस वेचून झाल्यावर झाडावर राहिलेले रिकामे बोंडही असेच पाहा. फुलाच्या पाकळीसारखे दिसते म्हणून त्याचे लगेच फूल करू नका, आतली रिकामी जागा आणि वाळलेल्या कडांचे टोकदारपण यांच्याकडे पाहा. बंदी मनात पक्की असेल तरच या वस्तू काही देतील, एरवी केळीच्या बागेतूनही तुम्ही पानच घेऊन याल.

दुसरा एक उपाय तिसऱ्या थरासाठी आहे. कार्ल डुंकर या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग १९४५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. एक मेणबत्ती, काड्या आणि खोक्यात भरलेल्या टाचण्या देऊन मेणबत्ती भिंतीवर उभी करायला सांगितले होते. उत्तर असे, की खोके रिकामे करून ते टाचण्यांनी भिंतीला टोचायचे आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. टाचण्या खोक्यात भरून दिल्या तेव्हा पुष्कळांना हे सुचले नाही, आणि रिकामे खोके वेगळे ठेवून दिले तेव्हा सहज सुचले. भरलेले खोके हे त्यांच्या दृष्टीने टाचण्या ठेवण्याचे भांडे होते, बसवता येईल असा पाट नव्हता. टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ मध्ये यावर एक साधा मार्ग मांडला. वस्तूचे सुटे भाग करायचे आणि प्रत्येकाचे वर्णन त्याच्या उपयोगाचा उल्लेख टाळून करायचे. ज्यांना हे शिकवले त्यांना अशी कोडी स्पष्टपणे अधिक सुटली. तुम्ही एक साधे मंगळसूत्र घ्या आणि तसेच करा. कडी म्हणू नका, तारेचे बंद वर्तुळ म्हणा. फासा म्हणू नका, एकमेकांत अडकणारे दोन वाकडे तुकडे म्हणा. वाटी म्हणू नका, एका बाजूने पोकळ अर्धगोल म्हणा. एकमेकांत अडकणारे दोन तुकडे मानेमागेच का असावेत, ते समोर आले आणि तेच पेंडंट झाले तर काय, हा प्रश्न ‘फासा’ या नावाखाली कधीच सुचला नसता. दोन वाट्या पालथ्या न राहता एकमेकींत बसल्या तर त्यांच्या पोकळीचे काय होईल, हाही प्रश्न असाच पुढे येतो.

याचे फार मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ते तुम्ही डोळ्यांनी पाहून यावे असे मला वाटते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचा काळ १९१२ ते १९८९. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे चाळीसगावच्या आपल्या घरातच काढली आणि क्वचितच उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले. बाहेरचे डोंगर आणि रस्ते स्वतःला बंद करून घेतलेल्या या माणसाने टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, प्रकाश आणि कोन साधून, जणू विस्तीर्ण निसर्गच समोर आहे अशी छायाचित्रे घेतली, आणि टेबलटॉप छायाचित्रणात त्यांचे नाव झाले. त्यांच्या एकांतवासाचे अनुकरण करावे असे मी कोणालाही सुचवणार नाही. पण ज्याला नव्या जागा उपलब्ध नाहीत त्याला हाताशी असलेल्या वस्तूला तिच्या नेहमीच्या कामापासून सोडवावेच लागते, हे त्यांच्या कामात दिसते. त्यांचे घर आता कलादालन आहे आणि ते चाळीसगाव स्थानकाजवळच आहे. जाताना पिंटरेस्ट पाहिल्यासारखे पाहू नका. एका छायाचित्रासमोर बराच वेळ थांबा आणि त्यात प्रत्यक्ष कोणती वस्तू आहे ते ओळखण्याचा प्रयत्न करा.

चाळीस रेखाटनांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण संख्या वाढवा असा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. एकामागून एक कल्पना काढत गेल्यास आधीच्या कल्पना सर्वांना सुचतील अशा असतात आणि नंतरच्या अधिक दुर्मीळ असतात, असे १९५७ पासूनच्या अभ्यासांत दिसले आहे. ब्रायन लुकास आणि लोरान नॉर्डग्रेन यांनी २०१५ मध्ये दाखवले, की आणखी थोडा वेळ रेटले तर आपल्याला किती सुचेल याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमी बांधतात, म्हणजे आता काही उरले नाही असे वाटते तेव्हा पुष्कळ उरलेले असते. पण तुम्ही चाळीसपर्यंत गेलात आणि तरीही नवे आले नाही, ही गोष्ट या अभ्यासांच्या विरोधात जात नाही. तुम्ही एकाच सरीत चाळीस वेळा पाणी सोडले होते. बंदी घातल्यानंतरची संख्या उपयोगी पडते. म्हणून बंदीच्या आठवड्यात रोज हाताने, रबर न वापरता, लहान लहान चौकटींत भरपूर काढा आणि आता संपले असे वाटल्यावर आणखी पाच काढा. ती पाच काढताना चांगले-वाईट ठरवू नका. निवड दुसऱ्या दिवशी करा.

चालण्याबद्दल थोडक्यात. रस्ता बदलण्याने फार काही साधणार नाही, पण चालण्याने साधेल. मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या प्रयोगांत चालताना आणि चालून आल्यावर लगेच माणसांना अधिक वेगवेगळ्या कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालले तरीही. एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामात मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. तेव्हा सकाळी ऊन चढण्याआधी मेहरूण तलावाच्या बाजूने चालून या आणि आल्याबरोबर कागद घ्या. निवड करायची असेल तेव्हा मात्र बसूनच करा.

मालकांशी आणि सूनबाईंशी कसे बोलावे हा तुमच्या पत्रात न विचारलेला, पण त्यामागे असलेला प्रश्न आहे. सूनबाईंनी तुम्हाला दुखावले असले, तरी दोन कागद शेजारी ठेवून त्यांनी तुमचे मोठे काम केले आहे. त्यांना तुमची बंदीची यादी दाखवा आणि पुढची बंदी त्यांना निवडू द्या, कारण स्वतःला सर्वांत कमी त्रास होईल अशी बंदी आपण नकळत निवडतो. सगळ्यांनी एकत्र बसून कल्पना मांडायची बैठक त्या सुचवतील, तर ती तुमचे एकटीचे कागद भरल्यानंतर घ्या. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रेबे यांनी १९८७ मध्ये दाखवले, की तेवढीच माणसे वेगवेगळी बसून जितक्या कल्पना काढतात त्यापेक्षा एकत्र बसून कमी काढतात, आणि याचे मुख्य कारण म्हणजे एक बोलत असताना इतरांना थांबावे लागते. मालकांनी चांगल्या रेखाटनासाठी बक्षीस जाहीर केले, तर ते नम्रपणे नंतरसाठी ठेवायला सांगा. डुंकरचे खोक्याचे कोडे सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये बक्षीस लावून दिले, तेव्हा भरलेल्या खोक्याच्या प्रकारात बक्षीसवाल्यांना उलट अधिक वेळ लागला. आखाजीच्या मुदतीत तुमचा हात थेंबाकडे धावला, यात मला नवल वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मोडू नका. जळगावला, धुळ्याहून, नंदुरबारहून गिऱ्हाईक येते ते पुष्कळदा आजीच्या गळ्यात होती तशीच पोत हवी म्हणून येते, आणि तिथे तुमच्या हाताची सवय हाच त्या घराण्याचा विश्वास आहे. तिथे नवे काही घुसवण्याचा मोह टाळा. मागणी येईल तेव्हा थेंब आणि दोन पाने पूर्वीसारखीच प्रेमाने काढा. बंदीसाठी वेगळी वही आणि दिवसाची ठरावीक वेळ ठेवलीत, तर दोन्ही कामे एकमेकांत मिसळणार नाहीत.

राहिला मुंबईच्या अभ्यासक्रमाचा प्रश्न. पैसे आणि सुट्टी यांची सोय असेल तरी तो या वर्षी करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणकावर एक पान काढले की त्याची प्रतिमा दुसऱ्या बाजूला एका कळीने उलटवून घेता येते, आणि तुमची सर्वांत घट्ट सवय नेमकी तीच आहे. शिकायचेच असेल तर तुमच्या कारागिराकडून मेण कोरायला शिका किंवा मीनाकाम करणाऱ्याजवळ काही रविवार बसा. मेणात पातळ पान तुटते आणि जाड गोळा टिकतो, मीन्याला रंग थांबवण्यासाठी धातूचा काठ लागतो, आणि अशा अडचणी कागदावर कधी येत नाहीत. सूनबाईंना दाखवायची पुढची मालिका चाळीसची नसावी. दोन महिन्यांनी, तीन वेगवेगळ्या बंद्यांमधून निवडलेली सहा रेखाटने न्या, आणि प्रत्येकाच्या मागे कोणती गोष्ट वर्ज्य केली होती ते एका ओळीत लिहा.

तुमची,
सल्लागार